कमी जोखीम नेमकी कोणाची? जत संस्थानापासून जलज सक्सेनापर्यंत (धागा)

२०२५-२६च्या रणजी हंगामासाठी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने जलज सक्सेनाला करारबद्ध केले, तेव्हा त्याचे वय ३८ वर्षे होते. मध्य प्रदेश आणि केरळ ही दोन राज्ये खेळून झालेला, भारताकडून एकही सामना न मिळालेला, पण रणजी स्पर्धेत ६,००० धावा आणि ४०० बळी हा दुहेरी टप्पा सर्वप्रथम गाठणारा हा ऑफस्पिनर. क्रिकेटप्रेमींच्या गटांत या निवडीवर एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकू आले : ‘घेतला तर घेतला, जोखीम काय आहे त्यात?’

मित्रहो, या धाग्याचा विषय तेच वाक्य आहे. निवड मला योग्य वाटते. तिचे समर्थन मात्र चुकीच्या हिशेबावर उभे आहे. हा हिशेब आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात फार पूर्वीपासून मांडला गेला आहे आणि तिथली जुनी पाने चाळली की तो वेगळा दिसू लागतो.

आधी व्यवहार समजून घेऊ. उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकी लीगमध्ये विजेतेपदाच्या शर्यतीतला संघ हंगामाच्या उत्तरार्धात एखाद-दोन अनुभवी, वयाने उतरणीला लागलेले खेळाडू अदलाबदलीत घेतो. त्यांच्याकडून नायकाच्या भूमिकेची अपेक्षा नसते. पहिल्या फळीतला कोणी जायबंदी झाला, तर संघ उघडा पडू नये एवढ्यासाठी ती भरती असते. बदल्यात दिले जाते ते भविष्यातल्या नवोदित-निवडीतले एखादे खालच्या फेरीचे स्थान. आपल्याकडे अशी अदलाबदल नाही. खेळाडू आपल्या जुन्या संघटनेकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेतो आणि नव्या संघटनेशी हंगामापुरता करार करतो. जुन्या संघाला मोबदल्यात कोणी मिळत नाही. एका संघाने असे बाहेरचे तीनच खेळाडू खेळवावेत, एवढे मात्र बंधन आहे. म्हणजे पैशाच्या वहीत व्यवहार स्वस्त. खरी किंमत आहे ती त्या तीन जागांची आणि अंतिम अकरांतल्या एका जागेची. हे ध्यानात ठेवून आता जतला जाऊ.

जत म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातला पूर्वेकडचा कोरडा तालुका. तिथले डफळे घराणे आदिलशाही काळापासूनचे. एकोणिसाव्या शतकात ज्यांना ‘सातारा जहागिरी’ म्हणत, त्या औंध, फलटण, भोर, अक्कलकोट यांच्या पंक्तीत जतही होते. सातारचे राज्य १८४८मध्ये खालसा झाले आणि हे जहागीरदार थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आले. संस्थान लहान, उत्पन्न बेताचे. बडोदे किंवा इंदूर यांच्याशी क्रिकेटच्या खर्चात बरोबरी करण्याचा विचारही या दरबाराला परवडणारा नव्हता.

अशा जतच्या राजेसाहेबांनी, विजयसिंहराव डफळे यांनी, १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लॅरी ग्रिमेट यांना मार्गदर्शक म्हणून बोलावून घेतले. नाव ओळखीचे नसेल त्यांच्यासाठी सांगतो : हे त्या काळचे जगातले सर्वाधिक कसोटी बळी घेणारे गोलंदाज होते. जन्म न्यूझीलंडमधला, कारकीर्द ऑस्ट्रेलियात घडलेली. कसोटीत पाऊल ठेवले तेच मुळी तेहतिसाव्या वर्षी, १९२५ साली सिडनीत. आणि त्या पहिल्याच सामन्यात ११ बळी. पुढे ३७ कसोटींत २१६. दोनशेचा टप्पा ओलांडणारे ते पहिले.

ते जतसारख्या ठिकाणी येऊ शकले, याला कारण त्यांच्या देशाच्या निवड समितीने लावलेला वयाचा हिशेब. १९३५-३६च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात ग्रिमेट यांनी पाच कसोटींत ४४ बळी घेतले. डरबनच्या अखेरच्या सामन्यात १३. त्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. १९३६-३७ला इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात आला तेव्हा ते बाहेर, १९३८च्या इंग्लंड दौऱ्यातूनही बाहेर. वय पंचेचाळिशीपलीकडे गेले होते आणि निवडकर्त्यांना तेवढे पुरेसे वाटले. बिल ओ’रायली यांच्यासारख्या सहकाऱ्याला ही वगळणूक अखेरपर्यंत सलत राहिली.

एका देशाने ‘संपलेला’ ठरवलेला माणूस एका लहान संस्थानाला परवडला. जतच्या दरबाराने विजेतेपद विकत घेतले नव्हते. ग्रिमेट यांनी जतसाठी एखादी मोठी स्पर्धा जिंकून दिल्याची नोंद कुठे नाही. वहीच्या भाषेत बोलायचे तर हा खर्च जवळपास वाया गेला, असेच एखाद्या कारभाऱ्याने लिहिले असते.

पण जतच्या त्या नेटमध्ये सांगलीचा एक अबोल तरुण होता. विजय सॅम्युअल हजारे, जन्म ११ मार्च १९१५, वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडे. बॅट दोन्ही पॅडच्या मधोमध अडकवून, हात एकमेकांपासून दूर ठेवून उभे राहण्याची त्यांची ढब पाहून कोणताही पुस्तकी शिक्षक अस्वस्थ झाला असता. ग्रिमेट यांनी ती ढब मोडून काढण्याचा हट्ट धरला नाही. आहे ते राहू दे, असा सल्ला त्यांनी दिल्याचे क्रिकेटच्या आठवणींत नोंदले गेले आहे. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. जगातल्या उत्तमोत्तम फलंदाजांना बाद करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणती चूक जीवघेणी आणि कोणती नुसतीच दिसायला वाईट, यातला फरक कळत होता. तो फरक सांगण्यासाठी पाठीशी तीस वर्षांचा खेळ लागतो.

ग्रिमेट यांचा जन्म २५ डिसेंबर १८९१चा. १९३९-४०च्या हंगामात हजारे महाराष्ट्राकडून खेळत होते, तेव्हा त्यांचे कर्णधार होते प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर, जन्म १४ जानेवारी १८९२. म्हणजे हजारे यांच्या घडणीतल्या या दोन वडीलधाऱ्यांच्या वयात अवघ्या २० दिवसांचे अंतर! एक ॲडलेडचा फिरकीपटू, दुसरा पुण्याचा संस्कृतचा अध्यापक. दोघेही त्या वेळी अठ्ठेचाळिशीत.

देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. दुसऱ्या वर्षी पुण्यात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या आणि मुंबईने ६५० करून पाठलाग जवळजवळ पुरा केला. त्या ६७५मध्ये देवधरांच्या स्वतःच्या २४६ होत्या. पन्नाशीला वर्ष उरलेला माणूस! त्यानंतर आजपर्यंत महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तीन वेळा अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा हार पत्करली. वयस्क खेळाडू संघात हवेत कशाला, असा प्रश्न विचारणाऱ्या महाराष्ट्रीय चाहत्याने एवढे आठवावे की आपल्या दोन्ही करंडकांवर एका अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास वर्षांच्या कर्णधाराचा हात आहे.

इथे मी इतिहासाच्या विद्यार्थ्याची सवलत घेऊन थोडे मागे, साताऱ्याला जातो. युद्ध आणि खेळ यांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये, हे मान्य. पण एका बाबतीत ती उपयोगी आहे.

१७०७मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा त्यांच्याजवळ वारसा होता. खजिना आणि फौज मात्र नव्हती. बालपणापासून सुमारे १८ वर्षे छावणीत गेलेली. त्यांना अडवायला ताराबाईंनी पाठवलेल्या फौजेत धनाजी जाधव होते, संताजींच्या बरोबरीने मोगलांशी झुंजलेले जुने सेनापती. ऑक्टोबर १७०७मध्ये खेडच्या लढाईत धनाजी शाहूंच्या बाजूला आले. शाहूंनी त्यांचे सेनापतिपद कायम केले. रित्या खजिन्यातून त्यासाठी काही मोजावे लागले नाही. पद होतेच, ते मान्य करायचे होते. जानेवारी १७०८मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि त्याच वर्षी धनाजी वारले.

म्हणजे हा अनुभवी सरदार नव्या राज्याला पुरते वर्षभरही लाभला नाही. तरीही व्यवहार तोट्याचा ठरला का? धनाजींच्या पदरी महसुलाचे काम पाहणारा एक कारकून होता, बाळाजी विश्वनाथ भट. तो धनाजींमागोमाग शाहूंच्या राज्यात स्थिरावला आणि १७१३मध्ये पेशवा झाला. पुढचे सारे आपण जाणतोच. उलट बाजूही तितकीच खरी आहे. धनाजींच्या मागे सेनापतिपद त्यांचे पुत्र चंद्रसेन यांच्याकडे गेले. त्यांचे बाळाजींशी बिनसले आणि १७११मध्ये ते ताराबाईंना जाऊन मिळाले, नंतर निजामाकडे गेले. ज्येष्ठाला घेताना त्याच्याबरोबर कोण येतो आणि त्याची जागा पुढे कोणाला मिळते, हे दोन्ही पाहावे लागते. धनाजींचे मोल केवळ खेडच्या रणांगणावरून ठरवणाऱ्याला या दोन्ही गोष्टी दिसणारच नाहीत.

आता पुन्हा हजारेंकडे, कारण हिशेबाची दुसरी, काहीशी कडू बाजू त्यांच्याच चरित्रात आहे.

१९३९-४०मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. समोर संघ होता बडोद्याचा. दोनेक वर्षांतच हजारे बडोदे दरबाराच्या नोकरीत आणि बडोद्याच्या संघात होते. तत्पूर्वी ते मध्य भारताच्या संघातूनही खेळले होते. सांगलीत जन्मलेल्या या माणसाला सांगलीने, साताऱ्याने किंवा पुण्याने पोटापाण्याची शाश्वती दिली नाही. ती बडोद्याने दिली. त्याची परतफेड बडोद्याला किती मिळाली? मार्च १९४७च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९. चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला भागीदारीचा हा विक्रम २००६पर्यंत अबाधित होता. गुल महंमद तर लाहोरचे. १९५७-५८ला बडोद्याने पुन्हा करंडक जिंकला, त्या सेनादलाविरुद्धच्या अंतिम सामन्यात हजारेंच्या २०३ धावा होत्या. वय त्रेचाळीस. जतला ज्येष्ठाच्या हाताखाली शिकलेला तरुण आता स्वतःच बडोद्याच्या तरुण संघातला ज्येष्ठ झाला होता.

(आणि मधल्या काळात, जानेवारी १९४८मध्ये, एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय ठरले, ब्रॅडमनच्या संघासमोर. मैदान होते ॲडलेड, ग्रिमेट यांचे घरचे मैदान. इतिहास असे योगायोग अधूनमधून उगाच पेरून ठेवतो.)

होळकरांच्या इंदूर संघाचेही तेच. या संघाने १९४५ ते १९५३ या काळात चार वेळा करंडक जिंकला. कर्णधार नागपूरचे कर्नल सी. के. नायडू, जन्म १८९५; पन्नाशीत त्यांनी बडोद्याविरुद्ध द्विशतक ठोकले. त्यांच्या आसऱ्याला आलेल्यांत कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकरही होते, ज्यांनी डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या होत्या. ब्रॅडमनच्या ४५२पासून ते ९ धावा दूर असताना प्रतिस्पर्ध्यांनी सामना सोडून दिला. एवढे करून त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. निंबाळकर शेवटी गेले ते इंदूरला. आपण या साऱ्या काळात खेळाडू पुरवणारा प्रदेश होतो; त्यांना पोसणारा प्रदेश आपण झालो नाही.

संस्थाने गेली, दरबारी नोकऱ्या गेल्या. त्यांची जागा आज राज्य संघटनांच्या करारांनी घेतली आहे. आणि या नव्या व्यवस्थेत वयस्क खेळाडूंचा उपयोग कसा होतो, याची तीन ठळक उदाहरणे गेल्या पंधरा वर्षांत आहेत. त्यांतल्या पहिल्याने महाराष्ट्राला अंतर्मुख करायला हवे होते.

२०१०-११ला राजस्थानचा संघ तळाच्या, प्लेट गटात होता. आठ वेळा अंतिम सामना हरलेला आणि एकदाही न जिंकलेला. त्यांनी बाहेरून तीन अनुभवी फलंदाज आणले : आकाश चोप्रा, रश्मी रंजन परिदा आणि कर्णधार म्हणून आपला पुण्याचा हृषीकेश कानिटकर. होय, १९९८च्या ढाक्यातल्या चौकाराचा तोच कानिटकर, वय छत्तीस. त्या वर्षी राजस्थानने प्लेटमधून वर येत थेट करंडक उचलला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही. पण माझ्या मते त्या संघाची खरी आठवण आहे ती जयपूरची. अठरा वर्षांच्या दीपक चहरने १० धावांत ८ बळी घेतले आणि हैदराबादचा डाव २१ धावांत आटोपला. वरच्या फळीत तीन भरवशाचे वडीलधारे असल्यामुळे थोड्याशा धावसंख्येवर जीव धरून गोलंदाजी करण्याची वेळ त्या पोरावर येत नव्हती.

विदर्भाने २०१५मध्ये वसीम जाफरला मुंबईहून आणले. त्याच्या पहिल्या दोन वर्षांत विशेष काही घडले नाही. एक हंगाम तर दुखापतीत जवळजवळ वाया गेला. त्याच वेळी करार मोडला असता, तर ‘कमी जोखीम होती, जमले नाही’ असे म्हणून सारे मोकळे झाले असते. मग प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आले, आणि २०१७-१८ला फैज फझलच्या संघाने इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाचा पहिला करंडक जिंकला. अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेतली ती नवख्या रजनीश गुरबानीने. पुढच्या वर्षी जाफरने हंगामात १,०३७ धावा केल्या, चाळिशी ओलांडलेली असताना. उत्तराखंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याने २०६ केल्या, तेव्हा दुसऱ्या टोकाला तरुण सलामीवीर संजय रामास्वामी होता. त्यानेही शतक काढले. करंडक पुन्हा नागपूरलाच. आज जाफर नाही, पण विदर्भ अंतिम फेऱ्या खेळतोच आहे.

तिसरे उदाहरण खुद्द जलजचे. २०१६-१७मध्ये तो केरळला गेला, तेव्हा केरळ हे रणजीतले बिनमहत्त्वाचे नाव होते. २०१७-१८ला उपांत्यपूर्व फेरी, २०१८-१९ला उपांत्य, २०२४-२५ला अंतिम. तिन्ही केरळच्या इतिहासात प्रथमच. अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात केरळच्या ४५७ धावांना गुजरातने ४५५ असे उत्तर दिले. जलज आणि नागपूरहून आलेला आदित्य सरवटे, या दोघा पाहुण्या फिरकीपटूंनी मिळून आठ बळी घेतले आणि दोन धावांची आघाडी केरळला अंतिम फेरीत घेऊन गेली. नऊ वर्षे! याला हंगामी मजुरी म्हणता येणार नाही.

आता आक्षेपाकडे. तो मी हलका मानत नाही, कारण तो माझ्या स्वतःच्या मुलखाचा आहे.

मुंबई आणि विदर्भ वगळता उरलेला सारा महाराष्ट्र एका संघात बसवायचा आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, जळगाव, नांदेड, किती जिल्हे! जागा अकरा. त्यांतल्या तीन बाहेरच्यांना दिल्या की उरतात आठ. रणजीच्या नवोदित खेळाडूला अंतिम अकरांत असल्यास क्रिकेट मंडळाकडून दिवसाला ४०,००० रुपये मिळतात. राखीव बसल्यास २०,०००. चार दिवसांच्या सामन्याला १,६०,००० आणि ८०,००० असा हा फरक आहे. जत किंवा माणमधून पुण्याला खोली करून राहणाऱ्या, दुष्काळी शेतीवर घर चालणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक म्हणजे आणखी एक वर्ष क्रिकेट खेळायचे की स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचा, याचा निर्णय असतो. ‘जोखीम काय आहे त्यात’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती जोखीम नाहीशी झालेली नसते. ती संघटनेच्या वहीतून उचलून या मुलाच्या खात्यावर टाकलेली असते. आणि थोडी त्या वयस्क खेळाडूच्याही. कारण करार वर्षाचा, आणि एका खराब हंगामानंतर अडतिसाव्या वर्षी चौथे राज्य शोधणे सोपे नाही.

तरीही मी जलजच्या बाजूने आहे. त्या मुलाची जागा खरोखर कशाने जाते, हे पाहिले पाहिजे. आठ दशकांत तीन अंतिम सामने खेळलेल्या संघात घरचीच अकरा मुले खेळवल्याने ती मोठी होतात, असे आपल्या अनुभवाने सिद्ध केलेले नाही. गुरबानी, चहर, रामास्वामी हे बाहेरच्यांना दार बंद करणाऱ्या संघांतून पुढे आलेले नाहीत.

तिरुअनंतपुरमला ऑक्टोबर २०२५मध्ये महाराष्ट्राचा पहिला सामना झाला, तो नेमका जलजच्या जुन्या केरळशीच. फलकावर एकही धाव लागण्याआधी तीन गडी बाद. मग १८ वर ५. ऋतुराज गायकवाडने ९१ केल्या आणि त्याला टेकू दिला जलजच्या ४९ धावांनी. महाराष्ट्र सर्वबाद २३९, केरळ २१९. आघाडी फक्त वीस धावांची, पण गुण त्यावरच मिळाले. जलजचे तीन बळी. त्याच संघात रजनीश गुरबानी होता, जाफरच्या विदर्भात तयार झालेला आणि आता महाराष्ट्राकडे आलेला. तिसरा पाहुणा पृथ्वी शॉ. त्याची गणना मी या प्रकारात करत नाही. तो पंचविशीतला, घसरलेली कारकीर्द सावरायला आलेला सलामीवीर. पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध त्याने २२२ केल्याही. पण तो एक वेगळाच डाव आहे आणि तो जिंकला तर शॉ इथे किती दिवस राहील, हे सांगायला ज्योतिषी नको. हजारेंचे बडोदे आठवावे.

जलजचा प्रश्न निराळा आहे. तो कुठेही जाणार नाही. फार तर निवृत्त होईल. म्हणून त्याच्याकडून काय घ्यायचे ते आत्ताच ठरवावे लागेल, आणि इथे माझी संघटनेवर टीका आहे. अशा करारांची बातमी येते, त्यात आकडे येतात, शुभेच्छा येतात. पण हंगाम नसलेल्या महिन्यांत हा माणूस जिल्ह्यांत जाणार का, याचा उल्लेख कधी नसतो. ग्रिमेट जतला आले होते. रेल्वे आणि मोटारीने, त्या काळात, त्या गावात! गहुंजेच्या मैदानापासून सांगली आज चार-पाच तासांवर आहे, सातारा त्याहून जवळ. वर्षातून दहा दिवस साताऱ्याला आणि दहा दिवस सांगलीला, चौदा ते एकोणीस वयोगटातल्या फिरकी गोलंदाजांबरोबर, ही अट करारात घालायला किती खर्च येईल? ती नसेल, तर जागा अडवल्याचा आक्षेप घेणाऱ्यांशी वाद घालायला मीही फार उत्सुक राहणार नाही.

पुढच्या सामन्यांचे धावफलक पाहताना जलजच्या बळींचा आकडा मी शेवटी पाहीन. आधी पाहीन ते विकी ओस्तवालला किती षटके मिळाली, कोणत्या टोकाने मिळाली आणि पन्नासाव्या षटकानंतर चेंडू कोणाच्या हातात दिला गेला. तेवीस वर्षांचा हा डावखुरा फिरकीपटू १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघात होता, आणि जलज दुसऱ्या टोकाला असण्याचा सगळ्यांत मोठा फायदा कोणाला व्हायचा असेल, तर तो त्यालाच.